पोट्टे धावतात किती

फोनमधे चार हजार फोटो आहेत
आणि त्यात माझी मुलं फारशी नाहीत.
एक कोपर आहे.
रिकामा झोका आहे, अजून हलणारा.
दारातून बाहेर पडलेल्या फ्रॉकची किनार आहे.
ओजसच्या डोक्याची मागची बाजू मात्र भरपूर आहे,
भोवरा, आणि तेलाने चापून बसवलेले केस.
बटण दाबलं आणि फोटो निघाला,
या दोहोंच्या मधल्या फटीतून
एक अख्खं मूल निघून जातं.

म्हणून भर मे महिन्यात,
लॅबमधल्या जादा पाळ्यांचे पैसे मोडायच्या आत
दोघांना स्कूटरवर घेऊन बर्डीला गेले,
शाल्मली पुढे उभी,
ओजस पाठीमागे ओढणीने कमरेला बांधलेला,
तिघांच्या तोंडाला दुपट्टे,
एखादी बँक लुटायला निघाल्यासारखे.

नानवटकरांनी मेगापिक्सल काढले नाहीत.
बजेटही विचारलं नाही.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"पोट्टे धावतात किती?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
डॉक्टर वजन विचारतात, शाळा वय,
नातेवाईक, जेवतात का नीट.
मी म्हटलं, फुटाळ्यावर माझं कणीस अर्धं होईतो
हा फुगेवाल्यापर्यंत जाऊन परत येतो.
आणि ही तशी धावत नाही,
ही मधेच वळते.

त्यांनी मान हलवली, दुखणं ओळखल्यासारखी,
आणि एक काळा, जाडजूड कॅमेरा पुढे ठेवला.
"यानं उडता खंड्या पकडतात."
उचलला, तर मनगटच नको म्हणालं.
"पाहा बाई, हा लय चांगला आहे.
म्हणूनच तो कपाटात राह्यते.
रोजचा कॅमेरा कोणता?
जो पर्समधे किल्ल्यांसंगं पडून राह्यते,
अन् ज्याले बिस्किटाचा चुरा लागला
तं तुम्ही रडत नाही."

मग खालच्या खणातून एक छोटा काढला,
कुणीतरी वापरलेला, कोपऱ्याला ओरखडा,
पट्ट्यावर कुणाच्या तरी मानेचा जुना घाम.
तोवर ओजस काउंटरखालून आत,
ट्रायपॉडच्या तीन पायांत घर करून बसलेला,
आणि मी त्याच्याकडे वळेपर्यंत घर मोडून निघालेला.
दाबलं.
दाबलं तेव्हाच निघाला.
एक डोळा, पडायला आलेला ट्रायपॉड,
आणि आपल्याला कुणीच धरू शकत नाही
या खात्रीने उघडलेलं तोंड.
"हाच," मी म्हणाले.
"भाव तं विचारा," नानवटकर म्हणाले.

आठ दिवसांनी त्याला ऊन लागलं.
तळपायांना कांद्याचा रस, कपाळावर पट्ट्या,
कुलरच्या वाऱ्यात ओल्या वाळ्याचा वास,
आणि तो दोन दिवस नुसता पडून.
दुपारी पडदा सरकला, उजेड बरोब्बर गालावर आला.
हात आपोआप पर्सकडे गेला.
एकेक पापणी मोजता येते त्यात.
नाकावरचा घाम मोजता येतो.
इतका स्वच्छ फोटो मी आयुष्यात काढलेला नाही.
तो कुणाला दाखवला नाही, पुसलाही नाही.
त्यात सगळं आहे,
फक्त तो कुठे निघालेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांना फोडणी घालत होते,
तर कुलरच्या टाकीत छप् छप्,
आणि शाल्मलीची बोंब,
"आईऽ, यानं माझी चप्पल बुडवली!"
हळदीच्या हाताने कॅमेरा उचलला, धावले.
आला फोटो:
फरशीवर ओलं पाऊल, अर्धा कान,
वरच्या कोपऱ्यात पाणी की चप्पल, सांगता येत नाही.
बटणावर पिवळा ठसा बसला तो अजून गेला नाही.

कधीतरी बर्डीला गेले की दाखवेन त्यांना.
चष्मा कपाळावर नेऊन ते म्हणतील,
"हलला, बाई."
हो ना, म्हणेन.
हलला.